पाठीवरची कवळी

"अहो, आज स्कूटरने जाऊ नका," बायको खिडकी किलकिली करून म्हणाली आणि लगेच ती लावून घेतली. "समोरचं घर दिसत नाहीये धुक्यात."

"जावंच लागणार," कवळीवाले बुटाची नाडी बांधत म्हणाले. "पहिली बस तिथे पोचेपर्यंत कार्यक्रम आटपलेला असेल."

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. गावातल्या आणि डोंगरापलीकडच्या शहरातल्या दंतवैद्यांना ते कवळ्या बनवून देत, म्हणून लोक तसं म्हणत. माणूस भिडस्त. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांशी बोलून त्यांची माणसांशी बोलायची सवय मोडली होती. काही मागायची वेळ आली की ते आधी घसा खाकरत, आणि बऱ्याचदा खाकरण्यावरच भागवत.

आजचं काम मात्र नाजूक होतं. शहरात नव्या वाचनालयाचं उद्घाटन होतं आणि तिथे बातमीबाई वाचन करणार होत्या. बातमीबाईंनी रेडिओवर इतकी वर्षं बातम्या सांगितल्या होत्या की अजूनही लोक त्यांचा आवाज ऐकला की घड्याळाकडे बघत. परवा त्यांची वरची कवळी हातातून निसटून बेसिनवर आपटली आणि दोन तुकडे झाले. त्यांच्या दंतवैद्याने घाईघाईने माप घेऊन पाठवलं आणि स्वतः तापाने अंथरूण धरलं. काल फोनवर त्याचा आवाजही धड फुटत नव्हता.

"तुम्हीच नेऊन द्या," तो म्हणाला होता. "आणि एक लक्षात ठेवा, कुणाला कळता कामा नये. बाईंना कवळी आहे हे त्यांच्या सुनेलाही माहीत नाही. बाहेर फुटलं तर बाई माझं तोंड बघणार नाहीत."

कवळीवाल्यांनी कवळी ओल्या कापसात गुंडाळून छोट्या डबीत ठेवली. डिकीत ठेवायची त्यांची छाती झाली नाही. सीटखाली इंजिन तापतं आणि कवळीला उष्णता लागली की ती वाकते, असं त्यांच्या गुरूने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. केसभर जरी वाकली, तरी पहिल्याच शब्दाला खाली यायची. म्हणून त्यांनी डबी जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. जॅकेट मेहुण्याचं होतं. मेहुणा अंगाने किरकोळ, त्यामुळे ते कवळीवाल्यांना सालीसारखं चिकटून बसायचं.

ते दाराबाहेर पडले तोच बायको मागून आली. "थांबा. चेनमधून वारा शिरतो. उलटं घाला."

"म्हणजे?"

"पाठीकडून पुढे. माझा भाऊ असंच घालतो. काढा बघू."

तिने जॅकेट काढलं, फिरवलं, लहान मुलाला लाळेरं बांधावं तसं पुढून चढवलं आणि मागून चेन थेट मानेपर्यंत ओढली. वर कानाभोवती मफलर गुंडाळला, त्यावर हेल्मेट बसवलं. कवळीवाले तोपर्यंत घड्याळाकडे बघत होते. उशीर होत होता, वाद घालण्यापेक्षा निघणं बरं.

डोंगर चढेपर्यंत त्यांनी बायकोला मनातल्या मनात दोन-तीनदा धन्यवाद दिले. वारा समोरून येऊन छातीवर आपटत होता आणि तिथूनच परत जात होता. बोटं तेवढी बधिर झाली होती. माथ्यावर आल्यावर त्यांनी सवयीने छातीवर हात ठेवून डबी चाचपली. तिथे काही नव्हतं.

स्कूटर रस्त्याच्या कडेला गेली, थांबली. त्यांनी दोन्ही हातांनी छाती चाचपली. मग एकदम उमगलं. खिसा आता पाठीवर होता. जॅकेटच्या आत, उजव्या खांद्याच्या खाली. आणि तिथपर्यंत जाणारी चेन मानेमागे.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नव्हतं. सभागृहात कुणीतरी चेन उघडून देईल, त्यांनी स्वतःला समजावलं. पण डोंगराची पलीकडची बाजू सुरू झाली आणि हवा पालटली. अलीकडे धुकं होतं, पलीकडे लख्ख ऊन. उतारावर वळण घेता घेता गारवा संपला आणि सपाटीला लागेपर्यंत पाठ भाजायला लागली. काळं जॅकेट, काळा मफलर, आत लोकरी स्वेटर, आणि ऊन नेमकं मागून. कवळी तापत होती.

एका हाताने स्कूटर धरून दुसरा हात त्यांनी मानेमागे नेला. चेनचा पत्रा सापडला, त्यांनी खाली हिसका दिला. चेन बोटभर सरकली, मफलरचं टोक तिने तोंडात घेतलं आणि जी रुतली ती रुतलीच. ना खाली, ना वर. मान हलवली तर गळा आवळत होता. स्कूटर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकली, आणि शिट्टी वाजली.

"बाजूला घ्या," हवालदार म्हणाला. तो जवळ आला, त्यांच्याभोवती एक फेरी मारून पुन्हा समोर उभा राहिला. "लांबून बघितलं तर तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसलाय आणि गाडी तिकडे चाललीय. म्हटलं, हे काय नवीन?"

"थंडी होती," कवळीवाले म्हणाले.

हवालदाराने कपाळावरचा घाम पुसला. "कुठे?"

"डोंगरापलीकडे. साहेब, जरा चेन उघडून देता का? आत एक वस्तू आहे, ती तापतेय."

हवालदार एक पाऊल मागे सरकला. "कसली वस्तू?"

कवळीवाल्यांच्या डोळ्यांपुढे तापाने फणफणलेला दंतवैद्य आला. त्यांनी घसा खाकरला. "औषध."

"पाठीत?"

"खिशात. खिसा पाठीत आहे."

हवालदाराने त्यांच्या डोळ्यांत थोडा वेळ बघितलं. या माणसाकडून गुन्हा व्हायचा नाही अशी त्याची खात्री पटली असावी. तो मागे गेला, एक हात खांद्यावर रोवला आणि दुसऱ्या हाताने चेन ओढली. कट्‌ असा आवाज झाला. हवालदार हळूच समोर आला आणि चेनचा पत्रा त्याने कवळीवाल्यांच्या हातात ठेवला.

"तुटला," तो म्हणाला. "जुना असणार."

त्याच ओढाताणीत डबीचं झाकण उघडलं होतं. पाठीवर आधी गार कापूस पसरला, आणि मग स्वेटरमधून कुणीतरी अलगद चावा घेतला. कवळीवाले शहारले. आता नुसतं जपून पोचायचं नव्हतं, मागे टेकायचंही नव्हतं. ते हँडलवर पुढे वाकून बसले आणि निघाले. हवालदार पाठमोऱ्या जॅकेटकडे बघत राहिला आणि कुणाला सांगावं तर खरं वाटणार नाही अशा चेहऱ्याने आपल्या जागी परत गेला.

शहराच्या वेशीवर पहिल्याच सिग्नलला त्यांना गरगरायला लागलं. हेल्मेटमध्ये घाम कानात उतरत होता. पाठीवरचा कापूस मघाशी गार होता, आता कोमट झाला होता. कोमटनंतर काय येतं हे त्यांना सांगायला नको होतं. रस्त्यापलीकडे रोपवाटिका होती. एक बाई पाइपने कुंड्यांना पाणी घालत होत्या. कवळीवाल्यांनी स्कूटर तिकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदा ते घसा न खाकरता बोलले.

"ताई, माझ्या पाठीवर पाणी मारता का?"

बाईंनी पाइप आखडता घेतला. "काय झालंय?"

"फार तापलीय. मारा जरा, जोरात."

एवढं बोलून ते वळून उभे राहिले. बाई चेनकडे बघत थांबल्या. "आधी पाठ तरी करा."

"ही पाठच आहे."

"मग चेन मागे कशी?"

"ताई, ती मोठी गोष्ट आहे. आधी पाणी."

बाईंनी पाणी मारलं. मारताना त्या दुसऱ्या हाताने शेजारच्या दुकानदाराला खुणावत होत्या, पण मारलं मात्र मनापासून. कवळीवाले मानेपासून टाचेपर्यंत भिजले, "उपकार झाले" म्हणाले आणि निघून गेले.

सभागृहाच्या मागच्या दाराशी कार्यवाह येरझारा घालत होते. हेल्मेटवाला, उलट्या जॅकेटचा, निथळणारा माणूस आत शिरताना पाहून त्यांनी हात आडवा घातला.

"नळाचं काम आज नाही बोलावलेलं."

"मला बाईंना भेटायचंय."

"बाई कुणाला भेटत नाहीयेत. सकाळपासून तोंडावर रुमाल धरून बसल्यात. घसा बसलाय म्हणे. लोक भरलेत आत आणि यांचा घसा बसलाय." कार्यवाहांचा स्वतःचाच आवाज चिरकला. "पाच मिनिटांनी पडदा उघडायचाय. मी काय सांगू लोकांना?"

"त्याच घशाचं औषध आणलंय," कवळीवाले म्हणाले आणि त्यांच्या हाताखालून वाकून आत गेले.

बातमीबाई आरशासमोर ताठ बसल्या होत्या. रुमालाच्या वरचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते रागावलेले होते. इतकी वर्षं शब्दांशी व्यवहार केल्यामुळे वरचे दात न लागणारे शब्द कोणते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या तेवढेच वापरत होत्या.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

"पाठीत. आतल्या खिशात. चेन अडकलीय, पत्रा तुटलाय, मफलर त्यात शिवला गेलाय. बाह्या इतक्या घट्ट आहेत की हातही बाहेर निघत नाहीत."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "पाठ इकडे करा."

कवळीवाले पाठ करून वाकले. बाईंनी रुमाल कमरेला खोचला, चेन दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. हलली नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या टेबलावर मखमल पसरलेलं तबक होतं आणि त्यात फीत कापायची चकचकीत कात्री. बाईंनी ती उचलली. तेवढ्यात कार्यवाह आत आले. बाईंनी झटकन त्यांच्याकडे पाठ केली.

"बाई, ती कात्री पाहुण्यांसाठी..."

"बाहेर," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. बातम्या सांगण्याच्या सुरात. कार्यवाह बाहेर गेले.

"बाई, जॅकेट माझ्या मेहुण्याचं आहे हो," कवळीवाले जमिनीकडे बघत पुटपुटले.

"गप उभे राहा."

कापड चरचरत फाटलं. मेहुण्याचा चेहरा, बायकोचा चेहरा, दोन्ही एकामागून एक त्यांच्या मनात येऊन गेले. मग पाठीला वारा लागला, आणि तो इतका बरा वाटला की चेहरे पुसट झाले. बाईंनी खिशात हात घातला. कवळीवाल्यांना वळून बघायचं धैर्य होईना. वाकली असेल तर? आत्ता या क्षणी दुसरी कुठून आणायची?

मागे नळाचं पाणी वाहिलं. थांबलं. मग आवाज आला. रेडिओवरचाच, गोल, प्रत्येक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं.

"सतत पाठीत दात रुतत असतानाही तुम्ही शांत होतात, याचं मला आश्चर्य वाटतं."

त, द, स, श, सगळे जागच्या जागी होते. कवळीवाले तिथल्याच स्टुलावर बसले.

पडदा उघडला. बाई व्यासपीठावर गेल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कवळीवाले पडद्याच्या आडोशाला उभे राहिले. जॅकेट अंगातून निघालं होतं, पण चेन मफलरला इतकी चिकटली होती की कापलेली कॉलर तशीच गळ्यात लोंबत होती. ओल्या स्वेटरमधून वाफा निघत होत्या. त्यांचं लक्ष सभागृहाकडे नव्हतं. बाईंच्या वरच्या ओठावर होतं. वाचन साधं नसतं. दीर्घ वाक्य आलं, जोडाक्षरं आली, तर टिकेल?

पहिला परिच्छेद टिकला. दुसराही. मग एक पान उलटताना बाईंची नजर बाजूला गेली, आणि त्यांना गळ्यात कॉलर अडकवलेला, वाफाळणारा, श्वास रोखून आपल्या ओठांकडे टक लावून पाहणारा माणूस दिसला. बाईंनी नजर पुन्हा पुस्तकात वळवली. एक शब्द वाचला. थांबल्या. खांदे हलले. आणि बाईंना हसू फुटलं.

कवळीवाल्यांनी पडदा घट्ट धरला. बोलणं निराळं, हसणं निराळं. हसताना वरचा ओठ पूर्ण उचलला जातो, आत हवा शिरते, आणि नव्या कवळीला तेवढं निमित्त पुरतं. बाई मान मागे टाकून, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सभागृह आधी गोंधळलं, मग त्यांच्याबरोबर हसायला लागलं. कवळी जागची हलली नाही.

"क्षमा करा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता सांगितल्याशिवाय मला पुढे वाचता येणार नाही. हे दात माझे नाहीत. तिकडे उभे आहेत ना, ते आज हे पाठीवर घालून डोंगरापलीकडून घेऊन आले."

पहिल्या रांगेत बाईंच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. कवळीवाल्यांनी पडद्यामागे सरकायचा प्रयत्न केला, पण कार्यवाहांनी त्यांना धरून पुढे आणलं. इतक्या टाळ्या त्यांनी स्वतःसाठी कधी ऐकल्या नव्हत्या. ते घसा खाकरून उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना लवकर निघताच आलं नाही. एकेक वयस्क माणूस इकडेतिकडे बघत जवळ यायचा, तोंडाशी हात न्यायचा आणि हळू आवाजात सांगायचा. कुणाची खालची हलत होती, कुणाची जेवताना वाजत होती. व्यासपीठावर ज्यांनी फीत कापली त्या पाहुण्यांची तर दोन्ही.

ते स्कूटरपाशी पोचले तेव्हा दुपारचं ऊन सीटवर पसरलं होतं. डिकीतला फोन वाजला.

"पोचलात ना नीट?" बायकोने विचारलं. "इकडे अजून धुकं हटलं नाहीये. ऊन दिसलं की तुम्हाला दम निघत नाही, मला माहितीय. जॅकेट काढलं नाहीत ना?"

कवळीवाल्यांनी हँडलला अडकवलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही काढलं."