पांढऱ्या फांदीची लेकरं

वाफ्यातली साठच्या साठ रोपं पांढरी निघालेली पाहून नर्सरीवाले काका मटकन खाली बसले. पानं पांढरी, देठ पांढरे. औषधाला हिरवा ठिपका नाही.

“अहो, चुना सांडलात की काय?” काकूंनी विचारलं.

“चुना कसला! ब्रश घेऊन महिनाभर खपलोय मी!”

खरंच खपले होते. एका ऑफिसच्या मॅनेजरबाईंना स्वागतकक्षासाठी हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांची रोपं हवी होती. काकांच्या गुलबक्षीला एक फांदी अख्खी पांढरी होती. तिच्या फुलांना त्यांनी शेजारच्या धष्टपुष्ट हिरव्या झाडाचे पराग लावले. आई पांढरी, बाप हिरवा, म्हणजे पोरं चट्ट्यांची. सरळ हिशोब!

झाकायला गोणपाट शोधेपर्यंत मॅनेजरबाई दारात हजर.

“अय्या, पांढरीशुभ्र! ही तर चट्ट्यांपेक्षा भारी! आत्ताच नेते.”

“बाई, जरा थांबा, यांचं काहीतरी...”

“थांबायला वेळ कुठाय? उद्या मालक येतायत!”

रोपं टेम्पोत बसून गेलीसुद्धा. संध्याकाळी काकांची थोरली बहीण आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे, पानाला हिरवं करणारी हरितलवकं रोपाला आईकडून मिळतात. परागातून येत नाहीत.”

“पण ताई, बाप चांगला खणखणीत निवडला होता मी!”

“फुलाच्या रंगात चालेल त्याचं. पानाच्या रंगात गुलबक्षीच्या बापाला कोण विचारतंय?”

“म्हणजे ती पांढरीच राहणार?”

“राहतायत कसली! हिरवेपणा नाही म्हणजे स्वयंपाकघरच नाही. बियांमधली शिदोरी संपली की माना टाकतील.”

पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की काका दचकत. शेवटी काकूंनीच त्यांना धरून ऑफिसात नेलं. “जाऊन खरं काय ते सांगा, आणि सुटा!”

आत पाऊल टाकलं आणि दोघं जागच्या जागी थिजले. साठही कुंड्यांत गुडघ्याएवढी पांढरी झाडं दिमाखात उभी! काकांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. “ताई, फेकून दे तुझी पुस्तकं! जिवंत आहेत सगळी!”

एवढ्यात काकूंनी एक पान चिमटीत धरून वाकवलं. ते टुणकन सरळ झालं.

मॅनेजरबाई धावत आल्या. “हळू बोला, पाया पडते! तुमची रोपं आठवड्यात मेली हो माझ्या हातून. पाणी जास्त झालं असणार. मी गुपचूप प्लास्टिकची आणून ठेवली. मालक इतके खूश झालेत, म्हणतात, त्याच नर्सरीतून आणखी दोनशे मागवा.”

काकांचा वासलेला आ मिटेना. बाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं बघून मात्र त्यांना राहवलं नाही.

“बाई, रडू नका. तुमची काही चूक नाही. हे सगळं त्यांच्या आईमुळे झालं.”

बाईंनी डोळे पुसले आणि काकूंकडे असं काही बघितलं, की काकू तिथल्या तिथे कडाडल्या, “अहो, नीट सांगा की! कुणाच्या आईमुळे? माझ्या की रोपांच्या?”