कातळी, ओहळी आणि श्रेष्ठ तेरड्याची परीक्षा

एका जंगलात दोन बहिणी राहत होत्या. दोघींनाही पाय नव्हते, म्हणून त्या जिथे उगवल्या तिथेच राहत. हसू नका, मुलांनो. दोघी तेरड्याची रोपं होत्या.

थोरली कातळी उघड्या कातळाच्या भेगेत राहायची. धाकटी ओहळी खाली ओढ्याकाठी. पानं सारखी, फुलंही तशीच गुलाबी. फरक एवढाच की पाणी संपलं की कातळी पानं गाळून मुळाशी असलेल्या गाठीत झोपून जायची, आणि ओहळीचं पाण्यावाचून दोन दिवसही निभत नसे.

एकदा राजा वाघोबा फिरायला निघाले. त्यांनी वर एक तेरडा पाहिला, खाली एक पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकाच कामाला दोघी कशाला, असं त्यांनी प्रधान कोल्ह्याला विचारलं. कोल्ह्याने तिथल्या तिथे समिती नेमली. जी श्रेष्ठ ठरेल ती राहील, दुसरीला जागेवरून उठवायचं. हे ऐकून कातळीने आपलं मूळ भेगेत आणखी घट्ट रोवलं. त्या भेगेत तिच्या सात पिढ्या नांदल्या होत्या.

समितीत विद्वान अशी एकच होती, साळूताई साळिंदर. तिला बीजात लिहिलेलं वाचता यायचं. दोन महिने डोळे फोडून तिने अहवाल लिहिला. बीजातल्या हजार ओळींपैकी दोघींच्या तीनच ओळी वेगळ्या निघाल्या होत्या, आणि पाणी गेल्यावर काय करायचं तेवढंच त्या तीन ओळींत होतं.

"तीन ओळींसाठी एवढं बाड?" कोल्हा म्हणाला. "आणि श्रेष्ठ कोण, ते कुठंय?"

"तसं नसतं, प्रधानजी. श्रेष्ठ कुठे, ते आधी विचारावं लागतं."

कोल्ह्याने अहवाल साभार ठेवून घेतला आणि परीक्षा जाहीर केली. अन्याय नको म्हणून दोघींना राजाच्या बागेत एकाच वाफ्यात लावलं. तीच काळी माती आणि दोन्ही वेळा घागरभर पाणी.

ओहळी तरारली, तिला शेंगाही धरल्या. कातळीला झोपायचं होतं, पण पाणी थांबतच नव्हतं. तिची गाठ कुजू लागली. माळीकाम करणारं अस्वल बिचारं भलं होतं. ही सुकतेय असं वाटून ते तिला तिसरी घागर घालू लागलं. कातळीला रडू यायचं, पण रडून ओल वाढली असती, म्हणून ती रडू आवरायची.

निकाल लागला. ओहळी श्रेष्ठ, कातळी नापास. नापास रोप राज्यातल्या सगळ्यात वाईट जागी फेकायचं ठरलं, आणि ती जागा म्हणून समितीने एकमताने उघडा कातळ निवडला.

कातळी थेट आपल्या भेगेपाशी येऊन पडली. तिने मूळ आत घातलं आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने समितीला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

तिसऱ्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक आली. श्रेष्ठ रोपाला राज्यातली सगळ्यात उंच जागा द्यायची होती, आणि उंच जागा म्हणजे तोच कातळ. ओहळीला तिथे लावून, भाषणं करून मंडळी घरी गेली. ऊन तापलं.

"ताई, पाणी कधी येतं?"

"येत नाही गं. आता झोपायचं."

"कसं झोपायचं?"

कातळीला सांगता येईना. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. बहिणीवर सावली राहावी म्हणून तिने पानं गाळायची थांबवली, पण तिची पानं ती केवढीशी. दोन दिवसांत ओहळी वाळून गेली. कातळी रडली, आणि मग झोपली.

पुढच्या आठवड्यात कोल्हा पाहणीला आला. दोन्ही रोपं वाळलेली. त्याने लिहून घेतलं, 'दोघी विश्रांती घेत आहेत.' खात्री करावी म्हणून ओहळीच्या शेंगेला पंजा लावला, तशी शेंग फट्कन फुटली आणि बिया त्याच्या शेपटीत अडकल्या. दचकून तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला आणि तिथे त्याने शेपटी झटकली.

पुढच्या वर्षी कातळी जागी झाली तेव्हा खाली ओढ्याकाठी तेरडा गुलाबी फुलला होता. कोल्ह्याला पुनर्वसनाचं पदक मिळालं. साळूताईच्या अहवालावर वाघोबा दुपारी डोकं टेकतात.

तात्पर्य: घरी परत जायचं असेल, तर परीक्षेत नापास व्हा. चुकून पहिले आलातच, तर पाहणीला येणाऱ्या साहेबाची शेपटी झुबकेदार असू दे, अशी देवाला प्रार्थना करा.