पियानोवर पहारा

वार्षिक मदत-मैफलीच्या दिवशी सभागृहातला पियानो दुपारी चार वाजता सुरात असे आणि संध्याकाळी सात वाजता उतरलेला असे. हे सलग तीन वर्षे घडले. वर्षातल्या इतर दिवशी तो दिवसभर सुरात असे.

चौथ्या वर्षी अध्यक्षबाईंनी हा विषय बैठकीत काढला. बाई पेशाने औषधविक्रेत्या असल्यामुळे कडू गोष्ट घोटाघोटाने द्यावी, हे त्यांना ठाऊक होते.

"यंदा पियानो लावायला खालच्या शहरातून माणूस बोलवावा, असं काहींचं म्हणणं आहे."

"काहींचं म्हणजे कुणाचं?" कानसेनांनी विचारले.

कानसेन हे त्यांचे खरे नाव नव्हते. पण गेल्या एकतीस वर्षांत गावाला दुसऱ्या नावाची गरज पडली नव्हती. डोंगरातल्या या गावात हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकून राही आणि तेवढ्या काळात प्रत्येक जण काही ना काही वाजवायला शिके. बेकरीच्या माडीवर दर गुरुवारी एक चमू जमे, रोपवे चालवणाऱ्या तिघांचे पितळी वाद्यांचे त्रिकूट होते, गावात दंतवैद्य एकच होता आणि तोही बासरी वाजवी. काहीच न वाजवणारे एकटे कानसेन होते. ते सभागृहातला पियानो सुरात लावत, बाकी फक्त ऐकत, आणि जे ऐकत त्याबद्दल मत देत. सगळा गाव त्यांना त्यामुळेच वचकून असे.

"माझं म्हणणं आहे," दंतवैद्य म्हणाले. "गेल्या वर्षी मी एक सूर लावला, पियानोनं दुसराच लावला. लोकांना वाटलं मी चुकलो. दुसऱ्या दिवशी दाढ काढायला आलेल्या बाई खुर्चीत बसेचनात. म्हणाल्या, डॉक्टर, आज हात तरी जागेवर आहे ना?"

"आणि भाऊजी, रागावू नका," कानसेनांची मेहुणी म्हणाली. ती शाळेत संगीत शिकवी आणि मैफलीत पियानो वाजवी. "मी सुरुवात केली की पहिल्या रांगेतले लोक दात दुखल्यासारखी तोंडं करतात. शेजारी डॉक्टर उभे असतात म्हणून निभावतं."

कानसेन उठून उभे राहिले. संतापले की ते आधी उभे राहत आणि मग बोलत.

"पियानो आपोआप उतरत नाही. त्याला कुणीतरी उतरवतं! मी चार वाजता लावून जातो. नंतर तालमीच्या नावाखाली ही त्यावर कणीक तिंबते. डॉक्टर त्यावर पेटी आपटतात. गायकवृंदाला जागा कमी पडली की चाळीस जण मिळून त्याला ढकलतात, जणू बंद पडलेली मोटार! आणि बोल कुणाला? तर मला! ते काही नाही. यंदा चार ते सात मी स्वतः पियानोपाशी बसणार. कुणाची सावली पडू देणार नाही. तरीही उतरला, तर सूर लावायची किल्ली मी तुमच्या हातात देईन आणि पुन्हा मागणार नाही."

ती किल्ली कानसेनांना त्यांच्या वडिलांनी दिली होती आणि ते ती झोपतानाही उशाशी ठेवतात, असे मेहुणीने आपल्या बहिणीकडून ऐकले होते.

मैफलीचे निमित्तही लहान नव्हते. डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या तुकडीला नवी गाडी घ्यायची होती. जुन्या गाडीलाच गेल्या हिवाळ्यात दोनदा सोडवून आणावे लागले होते.

मैफलीच्या दिवशी दुपारी दोन वाजता कानसेन सभागृहात शिरले. अंगावर कोट, आत दोन स्वेटर, गळ्याला मफलर, हातांत बोटे कापलेले मोजे. दोन तास ते एकेक तार ताणत होते आणि तोंडातून निघणारी वाफ पियानोच्या काळ्या लाकडावर बसत होती. चार वाजता त्यांनी अध्यक्षबाई, डॉक्टर आणि मेहुणी या तिघांना आत बोलावले, नादकाट्यावर प्रत्येक सप्तकाचा सूर पडताळून दाखवला आणि एका कागदावर तिघांच्या सह्या घेतल्या. मग खडूने पियानोभोवती रिंगण आखून ते मधोमध स्टुलावर बसले.

पहिला हल्ला मेहुणीने केला.

"एकदाच वाजवून बघते."

"नाही."

"अहो भाऊजी, संध्याकाळी मीच वाजवणार आहे यावर!"

"मग संध्याकाळी वाजव."

"आणि तालीम?"

"टेबलावर कर. तुझा हात बघता टेबलाचंच काय होईल ते होवो."

त्यानंतर अध्यक्षबाई फुलदाणी घेऊन आल्या. फुलदाणीत पाणी असते, पाणी सांडते, असे सांगून कानसेनांनी ती परत पाठवली. डॉक्टरांनी बोलता बोलता बासरीची पेटी पियानोच्या झाकणावर टेकवली, तेव्हा ती कानसेनांनी चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, रिंगणाबाहेर ठेवली.

"अहो, लाकडी पेटी आहे! दीड शेर वजन नाही तिचं!"

"डॉक्टर, रुग्णाच्या उघड्या तोंडात मी टोपी ठेवली तर चालेल का तुम्हाला?"

खरी अडचण पुढेच होती. खडूचे रिंगण रंगमंचाच्या जिन्याला भिडले होते. रिंगण ओलांडायचे नाही म्हटल्यावर रंगमंचावर जायला वाटच उरली नाही. पितळी त्रिकूट आपली वाद्ये घेऊन बाजूच्या दाराने बाहेर बर्फात उतरले आणि इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने आत आले; त्यातला एक जण वाटेत मांडीपर्यंत रुतला. गायकवृंदाच्या चाळीस जणांनी बर्फात उतरायला साफ नकार दिला. त्यांना प्रसाधनगृहाच्या बोळातून, एका खिडकीतून, एकेक करून पलीकडे घ्यावे लागले. खर्जात गाणारे सुतार खिडकीत अडकले आणि त्या अवस्थेत त्यांनी कानसेनांविषयी जे उद्गार काढले, ते तारसप्तकात होते.

"माणसं खिडकीतून गळतायत आणि हा माणूस लाकडाच्या खोक्याला जपतोय!" कुणीतरी ओरडले.

"जपतोय म्हणून तर बसलोय!" कानसेन गरजले आणि त्यांनी कोट काढून फेकला.

साडेपाचला डॉक्टर दुसऱ्यांदा भांडून गेले, तेव्हा मफलर सुटला. सहाला मेहुणी "ताईचं कसं होतं तुमच्याबरोबर, तीच जाणे" असे म्हणाली, तेव्हा पहिला स्वेटर उतरला. सव्वासहाला दुसरा. संतापाने अंगाची नुसती लाही होत आहे, एवढेच कानसेनांच्या लक्षात आले. एवढा अन्याय झाल्यावर कुणाच्याही अंगाची होईल.

पावणेसात वाजता, माणसे जागा धरू लागली असताना, अध्यक्षबाई सह्यांचा कागद घेऊन आल्या. कानसेनांनी कपाळावरचा घाम पुसला, नादकाटा वाजवला आणि मधल्या सप्तकातली पट्टी दाबली.

सूर उतरला होता.

त्यांनी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. पियानोला कुणाचे बोटही लागले नव्हते. डॉक्टरांनी बासरी ओठांना लावून तोच सूर धरला; दोन्ही आवाजांच्या मध्ये पाचर मारावी एवढी फट होती.

"आता संशय कुणावर?" डॉक्टरांनी विचारले.

"आत एकटे पहारेकरीच होते," मेहुणी म्हणाली. पण भाऊजींचा चेहरा पाहून तिला आपलेच बोलणे टोचले.

कानसेनांनी किल्ली झाकणावर ठेवली. या खेपेला ते उभे न राहता बोलले. "बाई, खालच्या शहरातल्या माणसाला कळवा."

अध्यक्षबाईंनी किल्लीकडे पाहिले नाही. त्या स्टुलाखालचा कपड्यांचा ढीग पाहत होत्या.

"कोट कधी काढलात?"

"रागावलो तेव्हा."

"आणि स्वेटर?"

"जास्त रागावलो तेव्हा."

"मी तर अजिबात रागावले नाही," बाई म्हणाल्या, "तरी माझी शाल मघाशीच गळून पडली. वॉचमनकाका, जरा इकडे या!"

सभागृहाचे वॉचमन आले. चार वर्षांपूर्वी भट्टी मोडून गरम हवेचे यंत्र बसवले, तेव्हापासून ते यंत्र त्यांच्या ताब्यात होते आणि त्याची नोंदवही ते काटेकोर ठेवत.

"यंत्र कधी लावलंत?"

"चार वाजून पाच मिनिटांनी. पूर्ण जोरात. दर मैफलीला लावतो तसंच. चारला भिंतीवर आठ अंश होते, आता तेवीस आहेत."

"आणि चारच्या आधी?"

"आधी बंद. सकाळपासून बंद."

"एवढ्या थंडीत? कुणी सांगितलं?"

"लेखी सूचना आहे की." वॉचमननी नोंदवहीच्या पुठ्ठ्यामागून घडीचा कागद काढला. "मला वाईटच वाटायचं. म्हटलं, साहेबांची बोटं गोठतील. पण ही सूचना साहेबांचीच, त्यांना कोण शिकवणार?"

बाईंनी कागद वाचला, डॉक्टरांना दिला, डॉक्टरांनी मेहुणीला दिला. मेहुणीने तो एकदा वाचला आणि काही न बोलता भाऊजींच्या हातात ठेवला. तिच्या आयुष्यात असा प्रसंग हा पहिलाच.

कानसेनांनी कागद डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. अक्षर वळणदार होते.

"बाई, किती वेळ मिळेल?"

"अर्धा तास. त्याहून जास्त लोकांना थोपवता यायचं नाही. पण उशीर का, ते कुणीतरी लोकांना सांगायला हवं." बाईंनी किल्ली उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

कानसेनांनी मधली तीन सप्तके अठ्ठावीस मिनिटांत पुन्हा लावली. यंत्र डोक्यावर घरघरत होते, चारशे माणसे खोकत होती, खुर्च्या सरकवत होती आणि उशिराबद्दल मोठ्याने बोलत होती. मग ते सदऱ्याच्या बाह्या खाली न करताच रंगमंचावर गेले आणि आयुष्यात प्रथमच ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले.

"उशिराचं कारण सांगतो. तीन वर्षांच्या बेसूरपणाचंही तेच आहे. मी पियानो लावायचो आठ अंशांवर आणि तुम्ही तो ऐकायचा तेविसांवर. तार तापली की सैलावते आणि सूर उतरतो. बासरीत हवा तापली की सूर चढतो. म्हणजे डॉक्टरांची चूक नव्हती. तालमीनं काही होत नव्हतं, ढकलण्यानंही नाही. मैफलीच्या दिवशी मी पियानो लावून होईपर्यंत गरम हवेचं यंत्र बंद ठेवावं, त्याच्या घरघरीनं कानाला त्रास होतो, असा लेखी हुकूम चार वर्षांपूर्वी वॉचमनना दिला गेला होता. तो मी दिला होता."