स्वतःच्या पायानं मुरुडला

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. आजवर कोणालाच वाटलेलं नाही, तेव्हा तुम्हीच तेवढे वेगळे निघाल अशी माझी आशाही नाही. पण ज्या मुरुडच्या किनाऱ्यावर मला उचलताना दोन दोन गडी गुडघ्यावर आले, त्याच किनाऱ्यावर मी कमरभर पाण्यातून, बायकोला पाठंगुळी घेऊन, एका दमात चालत आलो. तिचा पदरसुद्धा भिजला नाही!

परवा आमच्या ओटीवर बायका सुपारी सोलायला बसल्या होत्या. आमची केसर होती, शेजारच्या नीराबाई होत्या. हात चालू असले की कान मोकळेच असतात, म्हणून मी ही हकीगत काढली. तिथं सांगितली तशीच इथं लिहितो, पदरचं काही घालत नाही. घालायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते माझ्यात जन्मापासून कमी.

तेव्हा मी तिशीतला. दिवेआगरात एका सुपारीच्या वखारीत प्रतवारी करायला बसायचो. सुपारी माझ्यापर्यंत चालत यायची, मी तिच्यापर्यंत कधी गेलो नाही. असं करता करता माझा देह एवढा वाढला की मी मांडी घातली की वखारीतल्या बाकीच्यांना उभं राहावं लागे. एकदा माझ्या सदऱ्याचं बटण तुटून उडालं ते समोरच्या गुजराती व्यापाऱ्याच्या चहात पडलं. त्यानं ते खडीसाखर समजून ढवळलं, आणि विरघळेना म्हणून आम्हांलाच बोल लावला.

तरी माझं काही अडत नव्हतं. अडलं ते मुरुडला.

मुरुड हे केसरचं माहेर. त्या दिवसांत तिकडे पडाव, म्हणजे उतारूंची शिडाची होडी, वाळूला लागत नसे. कमरभर पाण्यात थांबायचा, आणि किनाऱ्यावरचे कोळी पाण्यात येऊन उतारूंना खांद्यावर घेऊन कोरडे उतरवायचे. म्हाताऱ्या, पोरं, बकऱ्या, सगळ्यांना तीच सोय. भाऊबीजेला आम्ही गेलो तर धर्माजी कोळी पुढं झाला. धर्माजी म्हणजे सागवानाचा वासाच. मी पडावाच्या काठावरून त्याच्या खांद्यावर बसलो मात्र, तो मेखेसारखा वाळूत उतरायला लागला. गुडघे गेले, कंबर गेली. त्यानं दयारामला हाक मारली. मग एक मांडी एकाच्या खांद्यावर, दुसरी दुसऱ्याच्या, अशी माझी पालखी निघाली. अर्ध्या वाटेत दोघांचं भांडण लागलं, जड बाजू कोणाकडे आली यावरून. ताडून पाहायला त्यांनी बाजू बदलायचं ठरवलं, आणि बदलताना मी दोघांच्याही हातून सुटलो.

समोर वाळूत सासरे छत्री घेऊन उभे. मागं त्यांचे भाऊबंद. मी बुडालो नाही, तेवढा खोल समुद्र मला तिथं नव्हताच. टोपी मात्र वाहत गेली ती जंजिऱ्याच्या दिशेनं.

धर्माजी धापा टाकत म्हणाला, "भावजी, म्होरच्या खेपंला येतावेळी संगं ओंडके आना. गलबत वडतो तसं तुमाला वडून घिऊ."

सगळा किनारा हसला. सासरे हसले नाहीत, त्यांनी छत्री तोंडापुढं धरली. केसर कोणाकडे न बघता माझं धोतर पिळत राहिली.

परतल्यावर चार दिवस गेले. मग एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "फाल्गुनात धाकटीचं लगीन हाय. तवा तुमी आपल्या पायानं उतरायचं. न्हायतर मी तिथंच ऱ्हाईन. परत यायची न्हाय."

केसर एक गोष्ट दोनदा सांगत नाही. मी तिसरी भाकरी परत ठेवली. म्हणजे ठेवायचा विचार केला, त्या विचारातच ती संपली.

पण मनात ठरलं. फाल्गुनापर्यंत पाय कमवायचे.

पहिल्यांदा गेलो तालमीत. गावातली पोरं पहाटे जोर-बैठका काढायची. त्यांनी हौसेनं मला लंगोट दिला. तो पुढून बांधला तर मागं पुरेना, मागून आणला तर पुढं पुरेना. शेवटी दोन लंगोट जोडले. मी लाल मातीत उभा राहिलो आणि सगळ्या तालमीचं हुंदडणं थांबलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, ती पोरं आदरानं बघत होती, जत्रेत हत्ती आला की बघतात तशी. मी एक बैठक मारली. खाली गेलो ते गेलो. वस्ताद आणि दोघं पठ्ठे यांनी मिळून वर काढलं. वस्ताद घाम पुसत म्हणाला, आज आमचा व्यायाम झाला, उद्या नाही आलात तरी चालेल.

मग वाटलं, चारचौघांत नकोच. आपल्या परड्यात सूर्यनमस्कार घालावे. पहाटे उठलो. उठल्याचाच इतका शीण आला की थोडा वेळ परत निजलो, पण घातले! निदान पहिल्यातला साष्टांग भाग तरी घातला. पालथा पडलो, जमीन गार लागली, शेणाच्या सड्याचा वास आला, आणि खरं सांगतो, तिथून उठावं असं एकही कारण मला सुचेना. पडून राहिलो.

कुंपणाच्या वईपलीकडून या नीराबाईंनी बघितलं. भावजी पालथे, हात पसरलेले, हलत नाहीत. त्यांनी हंडा टाकला आणि बोंब ठोकली. वाडीतली माणसं धावली. कोणी म्हणालं फेफरं, कोणी वहाण काढून माझ्या नाकाला लावली. आता तुम्हीच सांगा, एवढ्या लोकांत उठून काय सांगणार, की मी व्यायाम करतोय? या अंगानं? त्यापेक्षा फेफरं अब्रूचं. मी डोळे फिरवले, दोनचार झटके दिले. वहाण कोणाची होती ते विचारायचं राहिलं, पण तिला सुक्या बोंबलाचा वास होता.

त्याचा परिणाम असा झाला की घरोघरून शिरा यायला लागला. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून. लोकांनी प्रेमानं आणलेलं, नाकारायचं कसं? पौष संपेपर्यंत मी होतो त्याच्या सव्वापट झालो.

केसर नुसती बघायची. एकदा म्हणाली, "चालून तरी या वाईच."

गेलो. पण आमच्याकडे बिनकामाचं चालणं ही गोष्टच कोणाला ठाऊक नाही. घराबाहेर पाऊल पडलं की पहिला सवाल, कुठं चाललात? समोरच्या घरच्या सखुबाईंनी विचारलं. हवा खायला, असं म्हणायची लाज वाटली, म्हणून तोंडाला आलं त्या शेजारच्या गावाचं नाव घेतलं, बोर्लीला. मग तेवढा हा कोयता धार लावायला द्या. पुढच्या घरी, बोर्लीला निघालात का, मग ही कोंबडी माझ्या मेव्हणीकडे पोचती करा. गल्लीच्या टोकाला आलो तेव्हा माझ्या एका बगलेत कोंबडी, दुसऱ्या हातात कोयता, खांद्यावर आमसुलांची पिशवी. अशा थाटात माणूस बघून समोरून येणारी एक म्हातारी देवळात शिरली. आता बोर्लीला जाणं भाग. तेवढ्यात एक गाडी दिसली. बसलो. चढ आला तसा गाडीवान खाली उतरून ढकलायला लागला, आणि बैल मागं वळून वळून माझ्याकडे बघायला लागले. बोर्लीत पोचलो तेव्हा तिघंही फेसाळलेले. मी आपला ताजा. कोंबडीनं वाटेत अंडं घातलं होतं, म्हणजे तिचीही काही मेहनत झाली होती.

फाल्गुन तोंडावर आला. मला झोप लागेना. म्हणजे दुपारची. केसर गेली तर? लुगडी घडी करून तिनं आत्ताच एका बोचक्यात भरायला घेतली होती, आणि लग्नाला चार दिवस जाणाऱ्या बाईच्या मानानं ते बोचकं मोठं दिसत होतं.

मग मला रहाट दिसला.

आमच्या सुपारीच्या बागेत पोफळींना पाणी द्यायला विहिरीवर पायरहाट होता. बसायला फळी, धरायला दांडा, आणि पायानं ढकलायचे खुंट. पायानं रेटा दिला की चाक फिरतं, मडक्यांची माळ पाणी घेऊन वर येते, पाट वाहतो. सकाळी गडी फिरवायचा. दुपारी कोणी नसे, सगळं गाव जेवून आडवं. पोफळींच्या आत कोण बघायला येतंय? बसून करायचा व्यायाम, सावलीत करायचा व्यायाम, आणि शिवाय पायांचा! हा माझ्यासाठीच कोणी काढला असावा.

केसरला सांगितलं. ती म्हणाली, मी येते संगं, पाटाचं पानी वळवायला.

तेव्हापासून रोज दुपारी आमचा रहाट बोलायला लागला. प्रत्येक रहाटाचा आवाज वेगळा, गावाला ते सगळे पाठ. आमच्या रहाटाला एक लांब कुईंऽऽ आणि मग दोन बारीक कुंई. जेवून आडवी झालेली माणसं कूस बदलून म्हणायची, रावजीचा रहाट चाललाय, पेटला हो गडी. काय सांगू तुम्हांला, तो आवाज, ती सावली, पाटातलं पाणी, वरून पोफळीची झावळी हळूहळू हलतेय. लांब कुईं झाली की डोळे जड, दोन बारीक झाल्या की मिटलेच. संध्याकाळी घरी यायचो तो अगदी हलका होऊन.

पोफळी अशा तरारल्या की त्या साली आमच्या सुपारीसारखी सुपारी पंचक्रोशीत नव्हती. केसर मात्र रात्री जेवता जेवता पेंगायची. मी म्हणायचो, पाट वळवण्यात एवढं काय दमायचं?

लग्नाचा दिवस उजाडला. पडाव निघाला. केसरनं कासोटा घट्ट बांधलेला, अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर. बोचकं तेच, मोठं. 

पडाव कमरभर पाण्यात थांबला. वाळूवर वाजंत्री, भाऊबंद, सासरे छत्रीसकट. कोळ्यांनी पडावात कोण आहे ते लांबूनच ओळखलं. दयाराम वाळूवर बसून पायातला काटा शोधायला लागला. धर्माजीनं कोणाचं तरी जाळं ओढून घेतलं आणि नसलेलं भोक शिवायला बसला. बाकीचे उतारू दुसऱ्यांच्या खांद्यांवरून गेले. पडावात मी, केसर आणि पडाव हाकणारा तांडेल. तांडेल म्हणाला, मला भरती धरायची आहे, लवकर काय ते ठरवा.

वाजंत्री थांबली होती. सगळा किनारा वाट बघत होता, कोण कसा पडतो याची.

केसर हळूच म्हणाली, "उतरताय न्हवं?"

आणि मी उतरलो! धप्पकन् नाही, बगळा उतरतो तसा. पाणी कमरेला लागलं. पायांखाली वाळू ओढत होती, पण पाय कसे, रहाटावर कमावलेले! मी पाठ वाकवली. म्हटलं, ये बस. तिला पाठीवर घेतलं आणि निघालो. एक लाट आली, गेली. दुसरी आली, गेली.  धर्माजीच्या हातातली सुई थांबली. वाळूला पाय लागला तशी वाजंत्री अशी उसळली की सासऱ्यांच्या हातातली छत्री उलटी झाली.

आमचे सासरे कडक माणूस, पण त्यांचे डोळे भरले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, माझी वाघीण. धर्माजी पुढं येऊन केसरला हात जोडून म्हणाला, बाय, तू आमच्यात यायला पायजे व्हतीस. माझ्याशी तो बोलला नाही, मोठ्या माणसाला भिडस्तपणा असतो. सासूबाईंनी रात्री केसरचे खांदे तेल लावून चोळले. म्हणे प्रवासाचा शीण. लग्न थाटात झालं. आणि केसर? बोचकं उचलून माझ्याबरोबर मुकाट परत आली. ती अजून इथं बसलेली आहे, विचारा तिला.

इथवर ओटीवर सगळ्यांचे हात नुसते चालू होते. सुपारीची सालं तेवढी सुपात पडत होती. मला वाटलं, अजून थोडा रंग भरावा. म्हटलं, तुम्हांला खोटं वाटेल, पण मला ते चालणं अजून आठवतं. खारा वारा होता. आणि तिच्या अंबाड्यातला तो सुरंगीचा वळेसर असा थेट माझ्या नाकाखाली. त्यात एक मधमाशी शिरलेली. गुणगुण करतेय, आणि मला हाकलता येईना, कारण दोन्ही हात गच्च धरण्यात गुंतलेले. शिंक आली असती तर दोघंही पाण्यात!

नीराबाईंचे हात थांबले. अर्धी सोललेली सुपारी त्यांनी सुपात ठेवली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "केसर तुमच्या पाठीवर व्हती ना? मग तिचा अंबाडा तुमच्या नाकाखाली कसा आला?"

मी केसरकडे बघितलं. ती सुपारी सोलत होती, मान वर न करता.

"जाऊ द्या हो वैनी," ती म्हणाली. "रहाट फिरवताना मी त्यांना कवा उठवलं न्हाय. आता कशाला उठवायचं?"