पहिलीचा मुक्काम

"येऊ द्या कुणालाबी चौकशीला! आख्खं झरी गाव साक्ष देईल!" शिवकांतशेटनं दुकानाच्या गल्ल्यावर थाप मारून जाहीर केलं. साक्ष द्यायला पिंगळीहून सासूबाईंनाही बोलावून घेतलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

शेटची बायको दिलिनी श्रीलंकेची. मस्कतला एका दुकानात दोघं कामाला होते, तिथं जमलं. परदेशी बायकोला नागरिकत्व हवं तर सात वर्षं इथं राहायचं, त्यातलं अर्जाआधीचं वर्ष सलग. नेमकी त्याच वर्षात ती वडिलांच्या आजारपणाला दोन महिने माहेरी गेली. अर्ज नामंजूर! आता तिकडं आईनं अंथरूण धरलं होतं. जावं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बिचारीनं काळजावर दगड ठेवून वर्ष काढलं आणि दुसरा अर्ज टाकला.

आता सासूबाईंचं. नागुबाई ही शेटच्या वारलेल्या पहिल्या बायकोची, महेश्वरीची आई. पहिली वारलेल्या घरात दुसरी आली, की तिच्या गळ्यात पहिलीची छबी कोरलेला चांदीचा टाक बांधतात. मग पहिलीची आई तिलाच लेक म्हणते. नागुबाईंनी तर हे फारच मनावर घेतलं होतं!

दुपारी अर्जाच्या चौकशीला पोलीस ठाण्याचे जमादार चंद्रभान आले. आभाळ भरून आलेलं, घरात अंधारलेलं.

"मावशी, ही बाई कवापासून राहते हितं?"

"बारा वर्सं झाली की!"

"अर्जात तर आठ हाय!"

"मधी मेली ना ती. पण घर सोडलं न्हाई."

शेटनं खोकून पाहिलं. खाणाखुणा केल्या. उपयोग शून्य!

"काय बोलायलाव, मावशी? वर्षभरात कुठं बाहेर गेली का, तेवढं सांगा."

"अवो, मागच्या खेपेला सिलोनला गेली, तवाबी हितंच होती! रोज तिन्हीसांजंला देवळीत दिवा लागायचा. बांगड्या वाजायच्या. शेजारच्या गीताबाईला इचारा!"

शेटनं चमकून भिंतीतल्या देवळीकडं पाहिलं. ते दोन महिने तो रात्रीपर्यंत दुकानातच असायचा. दिवा गीताबाई लावते, असं त्याला वाटत होतं. ती तर उलट साक्षीदार निघाली!

"आन् आता कुठं हाय ती?" जमादारांचा आवाज चिरकला.

"शेताच्या बांधाला. पुरलीय."

"पुरली?" जमादार ताडकन उठले.

"साहेब, आमच्यात पुरतातच! तापानं वारली वो ती!" शेट ओरडला.

तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. दारात चहा घेऊन दिलिनी उभी. नागुबाईंनी कौतुकानं बोट दाखवलं.

"हीच की ती!"

जमादारांनी चहाला हात लावला नाही. टोपी खुर्चीवर राहिली, ती न्यायलाही ते परत आले नाहीत.

अर्ज पुन्हा नामंजूर. इथं नक्की कोण राहतं आणि कधीपासून, याचा साक्षीत मेळच नव्हता.

नामंजुरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी दिलिनी ओसरीवर बसून खूप रडली. मग गळ्यातला टाक मुठीत धरून महेश्वरीला म्हणाली, "अक्का, तुमी तर एक दिवस घर सोडलं नाही. त्यातलं एक वर्ष मला द्या ना."

शेटला भरून आलं. कसली मोजणी अन् कसलं काय! "तू जा आईकडं," तो म्हणाला. "करू पुन्हा पहिल्यापासून."

"आणि घर? घराकडं कोण बघणार?"

आत रिकाम्या घरात बांगड्या वाजल्या. दोघांनी वळून पाहिलं. देवळीत दिवा लागलेला होता.

घराची काळजी मिटली! दिलिनी चार दिवसांत आईपाशी पोचली. आणि शेट? तो दुकान आटोपलं की थेट पिंगळी गाठायचा, सासूबाईंकडं मुक्कामाला. झरीच्या घरात सलग राहायची अट काही त्याला नव्हती!