यीस्टच्या घडीला सर्वानुमते मंजुरी

एकदा पडलेली घडी सहसा मोडत नाही. हा निसर्गाचा नियम आहे आणि, मला वाटतं, सहकाराचाही. (निसर्गाबद्दल मी खात्रीने बोलत नाही.)

फलटणकडच्या आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ठराव वाचायच्या आधीच सभासद ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात. त्यामुळे जेवण गरम मिळतं. मात्र लोकशाही दिसावी म्हणून दरवर्षी सभासदांतून नानासो उठून ‘थांबा’ म्हणतात. मग ठराव वाचला जातो. ही पद्धत इतरांनीही घेण्यासारखी आहे.

यंदाचा ठराव असा: कारखान्याच्या कॉलेजातली यीस्टची प्रयोगशाळा बंद करून तिथे अध्यक्षांच्या सत्कारासाठी दालन करावं. प्रयोगशाळा प्राध्यापिका संयोगिता यांची. त्यांचं निम्मं आयुष्य तिथल्या फ्रीजमध्ये आहे. नानासोंनी त्यांना आदल्या दिवशी शब्द दिला होता, “काळजी करू नगा मॅडम, मी हाय न्हवं!” फरक इतकाच, की यंदा नानासो संचालक झाले होते आणि व्यासपीठावर बसले होते.

अध्यक्ष लालासाहेब उदार आहेत. “बोला मॅडम,” ते म्हणाले, “पर आमास्नी कळंल असं बोला.”

“यीस्टमध्ये एक प्रथिन असतं,” संयोगिता म्हणाल्या. “पेशीत नवं प्रथिन जोडलं जात असताना कुठे थांबायचं, हे ते सांगतं. ‘थांबा’ म्हणणं हेच त्याचं काम. कधी त्यातल्या एकाला वेगळीच घडी पडते. शेजारचं त्याला टेकतं आणि तशीच घडी घालून घेतं. वळण त्याच जागी, वाकण त्याच जागी. एकावर एक रचत लांब तंतू होतो. तंतूत गेलेलं मग ‘थांबा’ म्हणेनासं होतं.”

“तोडा की तंतू!” मागून एक सभासद, कृष्णात, ओरडला.

“तोडणारं प्रथिन पेशीत असतंच. पण प्रत्येक तुकड्यापासून नवा तंतू वाढतो.”

“मंजी आपल्या पक्षावानी!”

(सभेत राजकारण आणू नये, अशी समज कृष्णातला देण्यात आली.)

लालासाहेब भारावले. “बगा! एवढंसं यीस्ट, पर कुणी न सांगता रांगंत! लय शिस्त!” असं म्हणून त्यांनी कौतुकाने हातांची घडी घातली, उजवा वर, डावा खाली. शेजारच्या संचालकांनी घातली. त्यांच्या शेजारच्यांनी घातली. उजवा वर, डावा खाली. नानासो शेवटच्या खुर्चीत होते. त्यांचं तोंड उघडलेलं सर्वांनी पाहिलं. तेवढ्यात शेजाऱ्याचं कोपर लागलं. तोंड मिटलं, हातांची घडी पडली.

“नाना, आता म्हणा की!” संयोगिता म्हणाल्या.

“काय म्हणू?” नानासोंनी विचारलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

यीस्टच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर झाला. त्याच दमात प्रयोगशाळा बंद करण्याचाही. फ्रीज मात्र वाया गेला नाही. यीस्टच्या बशा मोरीत रिकाम्या केल्या आणि आता फ्रीजमध्ये सत्काराचे हार ठेवतात; चांगले ताजे राहतात.

हे वाचून तुम्हाला संताप आला असेल. शंका घेण्याचा माझा स्वभाव आहे, पण तुमच्या संतापाबद्दल मला शंका नाही. पुढच्या सभेला जरूर या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. येताना ‘थांबा’ म्हणायचं अगदी पक्कं ठरवून या.

तिथे सगळेच ठरवून आलेले असतात.