अप्पांची मधली खुर्ची

वाघमारे अप्पांच्या घरी गेलात तर कुठंही बसा. पलंगावर बसा, उंबऱ्यावर बसा, हवं तर पाण्याच्या टाकीवर बसा. फक्त दोन स्पीकरांच्या मधोमध भिंतीला लागून जी वेताची खुर्ची आहे, तिच्यावर बसू नका. गॅस सिलिंडर आणणारा एकदा दम खायला तिथं टेकला होता. अप्पांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "उठा, उठा! तिथं आवाज असतो."

तो माणूस रिकाम्या खुर्चीकडं बघत मागच्या मागं निघून गेला. तेव्हापासून तो सिलिंडर फाटकाबाहेरच ठेवतो.

अप्पा म्हणजे धाराशिवला आमच्या शेजारी राहणारे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळी नोकरी बसस्थानकांवर गेली. लोहाऱ्याची गाडी कुठल्या फलाटावर लागली ते कर्ण्यावरून पुकारायचं आणि ती वेळेवर सोडायची, हे काम. वेळेच्या बाबतीत माणूस एकदम निष्ठुर. धावत येणाऱ्याचा हात दांडीला लागायच्या आत यांनी गाडी सोडलेली असायची. बोलण्यात ती नोकरी अजून आहे. "गाडी फलाटावर अन् आवाज जागेवर!" हे वाक्य आम्हाला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

मुलगा पुण्याला गेला तेव्हा घरातला कॉम्प्युटर मागं ठेवून गेला. त्याचा अप्पांनी ताबा घेतला. स्पीकर भिंतीपासून किती लांब, एकमेकांकडं किती वळलेले, हे त्यांनी सुतळी ताणून ठरवलं. सुतळीचं एक टोक स्वतःच्या नाकाला. दोन्हीकडून सारखा आवाज आला की तो मधोमध, त्या खुर्चीतून, कुणी बसून बोलावं तसा ऐकू येतो. बासची पट्टी शून्यावर, ट्रेबलची केसभर वर. ऐकताना पंखा बंद, फ्रीज बंद, अगदी मे महिन्यातसुद्धा. दूध नासलं तर म्हणायचे, "दूध उद्या बी मिळंल." सेटिंगमध्ये 'आवाज सुधारा' असं काही दिसलं की त्यांचं पित्त खवळायचं. "ह्यानं निस्तं वाजवावं. स्वतःची अक्कल लावायची न्हाय!"

इथवर ठीक होतं. विक्षिप्त शेजारी कुणाला नसतात? माझ्या शेजाऱ्यांना मी आहेच. पण अप्पा एकटे राहतात, आणि रोज दिवेलागणीला त्यांच्या घरातून बायकांचे आवाज येतात. बऱ्याच बायका मिळून बुद्धवंदना म्हणतात. शेवटी 'चांगलं झालं' अशा अर्थानं तीनदा 'साधू' म्हणून सगळ्या थांबतात. मग शांतता. आणि त्या शांततेत एकच बाई, अगदी जवळून, हळू म्हणते, "साधू."

अप्पांच्या घरात भानामती आहे, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली. ज्या माणसानं सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून भानामती खोटी असल्याची भाषणं दिली, त्याच्याच घरी! माझं म्हणाल तर मी भुताला भीत नाही. उगाच ओळख वाढवत नाही, एवढंच. माझी बायको मंगल मात्र धीट. तिनं फाटकातच विचारलं, "अप्पा, संध्याकाळी घरात कोण असतं हो?"

"कोण न्हाय," अप्पा म्हणाले. "होती तीच हाय."

मंगलच्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनीच आम्हा दोघांना बोलावलं. सतरंजीवर बसवलं, फ्रीज बंद केला आणि रेकॉर्डिंग लावलं. बायकांचे आवाज खोलीभर झाले. साधू, साधू, साधू. थांबले. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीतून, बसलेल्या माणसाचं तोंड असतं बरोबर त्या उंचीवरून, आणखी एक "साधू" आला. मी सतरंजीवरच मागं सरकलो.

"सुशीला," अप्पा म्हणाले. पाहुण्याला घरच्यांची ओळख करून द्यावी तसे.

सुशीलाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना वारून दोन-अडीच वर्षं झाली. विहारातली ही वंदना कुणीतरी त्यांच्या नकळत मोबाईलवर घेतली होती. तिच्यात काकू आहेत, पण एवढ्या आवाजांत त्यांचा वेगळा कळत नाही. कळतो तो अगदी शेवटी. कारण काकूंना एक खोड होती. वंदनेत त्या नेहमी सगळ्यांच्या एक शब्द मागं असायच्या.

"म्या लई चिडायचो," अप्पा म्हणाले. "सुशीला, गाडी सुटली की, असं म्हणायचो. ती निस्ती हसायची. कॅमेरा दिसला की पदर तोंडाला, मोबाईल धरला की गप्प. कुठंच तिचा आवाज न्हाय, राजाभाऊ. मागं राह्यलेला ह्यो एवढा एकच शब्द हाय माझ्याकडं."

परवा सकाळी अप्पा अनवाणी आमच्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला. "राजाभाऊ, ती गेली हो."

काकू तर केव्हाच गेल्या होत्या. पण घरी जाऊन ऐकलं तर खरंच गेल्या होत्या. कॉम्प्युटर आपला आपण अपडेट झाला होता. आवाज असे स्वच्छ आणि दणदणीत येत होते की लग्नाच्या मांडवात लावावेत. साधू, साधू, साधू. आणि तिथंच कात्रीनं कापल्यासारखं बंद. इतके दिवस त्या खुर्चीकडं बघायला मी घाबरत होतो. त्या सकाळी ती पहिल्यांदा रिकामी दिसली, आणि मला जास्तच भीती वाटली.

अप्पांनी माउस माझ्याकडं सरकवला. "माझ्यानं न्हाय व्हत. चुकून फाईलच पुसली म्हंजी? तुमीच बघा." मी कोर्टातला कारकून, माझी कॉम्प्युटरशी ओळख कामापुरती. एकेक सेटिंग उघडून मोठ्यानं वाचत गेलो. अप्पांनी बंद केलेल्या सगळ्या सुधारणा अपडेटनं परत चालू केल्या होत्या. त्यांतली एक होती 'गोंगाट कमी करा'. सगळ्या बायका थांबल्यावर उरणारा तो बारीक आवाज कॉम्प्युटरनं गोंगाटात धरला होता.

"गोंगाट?" अप्पा ताडकन उभे राहिले. "माझी बायको गोंगाट?"

"अप्पा, बसा."

"जल्मात कधी मोठ्यानं बोलली न्हाय ती!"

मी एकेक सुधारणा बंद करत गेलो. मंगलनं आमच्या मागोमाग येऊन, कुणी न सांगता, पंखा आणि फ्रीज बंद केला. अप्पा सतरंजीवर त्यांच्या ठरलेल्या जागी बसले आणि मी रेकॉर्डिंग लावलं.

वंदना सुरू झाली. अप्पाही तोंडातल्या तोंडात म्हणत होते, बरोबर वेळेवर, कुठं पुढं नाही की मागं नाही. साधू, साधू. तिसऱ्याला सगळ्या बायकांबरोबर त्यांचाही आवाज यायला हवा होता. तो आला नाही. ओठ उघडे ठेवून ते खुर्चीकडं बघत थांबले होते. खुर्ची किंचित करकरली, असं मंगल शपथेवर सांगते. मी ते ऐकलं नाही, असं मी ठरवलं आहे.

मग खुर्चीतून ती म्हणाली, आणि अप्पांनी तिच्याबरोबर म्हटलं, "साधू."

सगळ्या नोकरीत ज्या माणसानं कुणासाठी गाडी मिनिटभर थांबवली नाही, त्यानं ती तिच्यासाठी थांबवून ठेवली होती.